इंग्रजीतला ‘डू’ प्रश्नात शिरला कसा?

महाल असो की धरमपेठ, नागपुरातल्या इंग्रजीच्या शिकवणीत ‘आय डिड नॉट वेन्ट’ हमखास ऐकू येतं. ‘डिड’नंतर मूळ रूप, एवढा नियम मुलं घोकतात. पण ‘तू आला का?’ म्हणताना आपण शेवटी एक ‘का’ जोडतो आणि मोकळे होतो. तिकडे इंग्रजीला मध्येच ‘डू’ कशाला लागतो, हे त्यांना क्वचितच सांगितलं जातं. सांगायला हवं, कारण त्यामागे मोठा इतिहास आहे.

‘डू’चं मूळ आपल्याला परकं नाही. संस्कृतातला ‘धा’ धातू आणि हा ‘डू’ एकाच आदिम मुळातून निघाले. अर्थ होता ठेवणे. निधी, विधान, श्रद्धा हे ‘धा’चेच शब्द. इंग्रजीत अंगावर कपडा चढवण्याला ‘डॉन’ आणि टोपी काढण्याला ‘डॉफ’ म्हणतात. ते ‘डू ऑन’ आणि ‘डू ऑफ’ यांचेच आटलेले अवशेष, जुना अर्थ जपून राहिलेले. ‘करणे’ हा अर्थही हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत होताच.

साहाय्यक ‘डू’ दिसू लागतो तेराव्या शतकाच्या सुमारास. तोवर प्रश्न सरळ होता: ‘कम यू?’ म्हणजे ‘येता का तुम्ही?’. सोळाव्या शतकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘जज नॉट’ आहे आणि ‘दे डिड ऑल ईट’ही, त्या ‘डिड’वर आजच्यासारखा जोर नाही. पुढे साध्या होकारातून तो गळाला, प्रश्नात आणि नकारात पक्का झाला. ‘नो’ म्हणजे जाणणे हे क्रियापद मात्र बराच काळ अडून बसलं. ‘आय नो नॉट’ लोक लिहीतच राहिले.

या बदलाचा फायदा असा, की कर्त्याच्या आधी जायचं काम ‘डू’ करतो आणि मुख्य क्रियापद कर्माजवळ जागेवर राहतं. काळही ‘डू’च वाहतो. ‘डिड यू गो’ मध्ये भूतकाळ ‘डिड’ने घेतला, मग ‘वेन्ट’ला तिथे काम उरत नाही.

प्रश्नात ‘बी’ आणि ‘कॅन’ यांना ‘डू’ची गरज पडत नाही. ‘हॅव’चं अजून चाललंच आहे: आजोबांच्या काळच्या व्याकरणात ‘हॅव यू अ पेन?’ चालायचं, आता पोरं ‘डू यू हॅव’ म्हणून राहिली.