मराठवाड्यातला लोकल रॉक बँड

जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या गावात राहणाऱ्या चार-पाच जणांनी, कुठल्याही म्युझिक कंपनीचा हात पाठीवर नसताना, पदरचे पैसे घालून चालवलेला आणि गिटार, बेस गिटार, ड्रम्सवर स्वतःची गाणी वाजवणारा ग्रुप म्हणजे लोकल रॉक बँड. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे ऐकायला मिळतं, पण पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. इकडं बँड म्हणलं की वरातीतला बँड, नाहीतर बँजो पार्टी, फार तर गणपतीतला ऑर्केस्ट्रा. आमचा बँड आहे म्हणून सांगितलं की समोरचा सरळ विचारतो, सुपारी कितीची घेता. त्यात त्याची काही चूक नाही, कारण इथं वाजवणारा माणूस कुणाच्या तरी कार्यासाठी वाजवतो ही रीत जुनी आहे, गोंधळी संबळ घेऊन येतो तो पण कुणाच्या तरी घरी गोंधळ ठेवलाय म्हणूनच येतो. आपलीच गाणी आपल्याचसाठी वाजवायची ही गोष्ट घरच्यांना समजावण्यात बँडचं पहिलं वर्ष जातं.

देशात रॉकचा जोर आधी मोठ्या शहरांत होता. मुंबईत १९८६ ला इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव सुरू झाला, १९९० ला दिल्लीत इंडियन ओशन हा बँड उभा राहिला आणि त्यांनी लोकसंगीत आणि आपल्या भाषा घेऊनही हे वाजवता येतं हे दाखवलं. आपल्याकडं ही हवा कॉलेजातून आली. गॅदरिंग आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव ही दोनच स्टेज अशी की जिथं पोरांना फुकटात साउंड सिस्टीम मिळते. पुण्यात २०१० ला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यावर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाऊन स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडं तोंड करून ठेवलेले) पहिल्यांदा डोळ्यानं बघून आलेली बरीच पोरं असतील, आणि मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि घरबसल्या व्हिडिओ बघून बेस शिकणं परवडायला लागलं.

प्रॅक्टिसच्या जागेबद्दल जरा सविस्तर लिहायला पाहिजे कारण बँड तिथंच घडतो. घरात ड्रम सेट शक्य नाही, गल्लीत तर नाहीच. मग कुणाच्या तरी काकाचं मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं गोदाम मिळतं. बरेच जण भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवतात, त्यानं खोलीतला घुमारा थोडा कमी होतो पण बाहेर जाणारा आवाज अजिबात थांबत नाही, आवाज अडवायला वजन लागतं. ते वजन मोंढ्यात आपोआप मिळतं. ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू झाली की पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत जातात, बसायला जागा उरत नाही, ड्रमर दोन थप्प्यांच्या बोळीत बसतो, पण आवाज इतका गच्च आणि कोरडा येतो की त्याच दिवसांत रेकॉर्डिंग उरकून घ्यावं. उन्हाळ्यात गोदाम रिकामं झालं की स्नेअरचा, म्हणजे सेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा एक फटका तीनदा ऐकू येतो. हमाल जेवणाच्या सुट्टीत दारात येऊन विचारतो, "कामून बडवायलाव रे एवढं?" आणि मग तिथंच पोत्यावर टेकून दोन गाणी ऐकून जातो. बँडचा पहिला श्रोता तोच, आणि त्याचा पाय हलला की नाही हे बघून गाण्याचा स्पीड ठरवलेला मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट लाइटीची. साधारण २००५ नंतरच्या काही वर्षांत लोडशेडिंगनं प्रॅक्टिसची वेळ महावितरणच्या वेळापत्रकावर ठरायची. लाइट असली तरी अर्थिंग धड नसतं, मग अँपमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून, ५० हर्ट्झची ती सलग भुणभुण येत राहते आणि गिटारच्या तारांवर हात असताना माईकला ओठ लागला की झिणझिणी बसते. हे हसण्यावारी नेऊ नये, यानं जीव जाऊ शकतो. उपाय म्हणजे चांगला वायरमन बोलवून मीठ-कोळशाचा खड्डा करून घेणं आणि त्यात ओल ठेवणं, कारण कोरडी माती करंट नीट ओढून घेत नाही. आता एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओता म्हणून कुणी कुणाला सांगायचं.

गाण्यांचं म्हणाल तर सुरुवात कव्हरनं, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवून होते, इंग्रजी नाहीतर हिंदी. बँडचा स्वतःचा आवाज सापडतो तो बहुतेक वेळा गल्लीतल्या हलगीपाशी. गिटारवाला क्लिपचा ट्यूनर लावून तारा जुळवतोय आणि शेजारी हलगीवाला कागद पेटवून कातडं शेकतोय, बोटानं टिचकी मारून बघतोय, परत शेकतोय, हे दोघं एकाच सुरावर येईपर्यंत थांबायची तयारी असेल तरच ते गाणं जमतं. जाड टिपरू आणि बारीक काडी यांचा कडकडाट स्नेअरच्या वर चढतो, म्हणून ड्रमरला तिथं हात आखडता घ्यावा लागतो. भारुड, भीमगीत, खुलताबादकडची कव्वाली हे सगळं कानावर पडूनच ही पोरं मोठी झालेली असतात, ते गाण्यात उतरलं की मराठीतले शब्दही खरे वाटायला लागतात.

पैशाचं गणित छोटं आहे. युट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला २०१८ पासून एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघणं हा नियम आला, तिथपर्यंत पोचणंच अवघड. रात्री १० नंतर स्पीकर बंद, म्हणजे जाहीर कार्यक्रमात शेवटचा नंबर आपला असला की निम्मी गाणी राहून जातात. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणी लावली हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्यावं, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय, पण नाव कुणाचं हेच ठरलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

बँडचं वय मोजायचं तर चौघं एकाच गावात किती दिवस होते ते बघायचं. बारावीला लातूर पॅटर्न, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, एकेक जण जातो. सगळ्यात आधी बहुतेक बेसवाला, आणि तो गेल्यावर बाकीचे महिनाभर त्याच्याशिवाय वाजवून बघतात तेव्हा खालच्या सुरांचा सगळा भाग पोकळ लागतो. संभाजीनगर ते पुणे सुमारे २३५ किलोमीटर, नांदेडहून जवळपास दुप्पट, दर शनिवारी येतो म्हणणारा दिवाळीला येतो. पोरांच्यात दम नव्हता असं गावात बोललं जातं ते साफ खोटं आहे. गावात पोट भरायची सोय असती तर यातले निम्मे बँड आज दहा वर्षांचे असते.

ड्रम सेट मात्र गावातच राहतो, ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पुण्याच्या फ्लॅटवर नेऊन करणार काय. तो कॉलेजातली पुढची पोरं हप्त्यानं विकत घेतात, पायानं वाजवायच्या मोठ्या किक ड्रमच्या पोटात आवाज दाबायला कोंबलेल्या कुणाच्या तरी आजीच्या वाकळेसकट.