घुमणारा आवाज आणि तीन पिना

स्टुडिओतून निवृत्त झालेली ध्वनियंत्रणा आता सामान्य श्रोत्याच्याही आवाक्यात आली आहे, आणि तिच्याबरोबर एक समजूतही घरात येते: रेडिओ केंद्रात वापरतात ते यंत्र घरच्या हाय-फायपेक्षा सरस वाजणारच. ही समजूत अर्धीच खरी आहे. रेडिओ केंद्रात केबली शेकडो मीटर लांब असतात, एकाच इमारतीत विजेची असंख्य यंत्रे चालू असतात, काम दिवसरात्र चालते, आणि एक यंत्र काढून त्या जागी दुसरे बसवले तरी काही बिघडून चालत नाही. प्रसारणाची उपकरणे आधी या अडचणींचा विचार करून घडवली जातात. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रसारणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा स्पीकर पुढे घरगुती श्रोत्यांचाही लाडका झाला, कारण माणसाचा बोलण्याचा आवाज तो विलक्षण प्रामाणिकपणे ऐकवतो. पण गाडीतल्या अरुंद जागेत मावावी म्हणून त्याची पेटी जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीची ठेवली होती, त्यामुळे अगदी खालचा खर्ज आणि मोठा आवाज या दोन गोष्टी त्याच्याकडे मागू नयेत.

या अडचणींवरचा एक तोडगा मला फार सुंदर वाटतो, आणि सर्वांत मोठा गैरसमजही त्याच्याविषयीच आहे. तो म्हणजे बॅलन्स्ड जोडणी.

घरगुती आरसीए केबलीत, म्हणजे प्लेअर ॲम्प्लिफायरला जोडणाऱ्या नेहमीच्या केबलीत, मधली एक तार आणि तिच्याभोवतीची जाळी असे दोनच वाहक असतात. जाळी बाहेरचा उपद्रव अडवते आणि सिग्नलचा परतीचा मार्गही तीच असते. दोन यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असली की त्या ठिकाणांमध्ये थोडासा विद्युतदाबाचा फरक असतो, आणि त्या फरकामुळे जाळीतून वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा, प्रवाह वाहू लागतो. समजा हा प्रवाह १० मिलिअँपिअर आहे आणि जाळीचा रोध ०.१ ओहम आहे. ओहमच्या नियमाने जाळीच्या दोन टोकांमध्ये १ मिलिव्होल्ट फरक पडतो, आणि जाळी हाच परतीचा मार्ग असल्यामुळे तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. घरगुती उपकरणांची प्रमाण पातळी ०.३१६ व्होल्ट धरली, तर हा उपद्रव तिच्याखाली केवळ ५० डेसिबल राहतो आणि संगीतातल्या शांत जागी त्याचे घुमणे ऐकू येते.

बॅलन्स्ड केबलीत सिग्नलसाठी एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात आणि जाळी निराळी असते. पीळ देण्याची कल्पना टेलिफोनच्या आरंभकाळातली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. सिग्नल घेणारे यंत्र फक्त या दोन तारांमधला फरक मोजते, म्हणून दोन्ही तारांवर सारखाच उमटलेला उपद्रव वजाबाकीत नाहीसा होतो.

एका तारेवर सुलटा आणि दुसरीवर उलटा सिग्नल पाठवला जातो, म्हणून गोंगाट नष्ट होतो, असे अनेकदा सांगितले जाते. हे कारण चुकीचे आहे. दुसऱ्या तारेवर सिग्नल मुळीच नसला तरी गोंगाट तितकाच नाहीसा होतो. जमिनीच्या संदर्भात दोन्ही तारांचा इंपीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण रोध) समान असावा, एवढीच अट आहे. शाळा-कॉलेजात शिकलेला व्हीटस्टनचा सेतू इथे आठवावा. प्रत्येक तारेचा पाठवणाऱ्या यंत्रातला रोध आणि घेणाऱ्या यंत्रातला रोध मिळून सेतूच्या चार भुजा होतात, उपद्रव हा सेतूला दिलेला विद्युतदाब असतो, आणि गॅल्व्हनोमीटरच्या जागी आपला सिग्नल असतो. दोन्ही बाजूंची गुणोत्तरे जुळली की मधे काहीच उमटत नाही. घेणाऱ्या बाजूला प्रत्येक तारेमागे १०,००० ओहम असतील आणि पाठवणाऱ्या बाजूला एका तारेत १० ओहम जास्त असतील, तर उपद्रवाचा हजारावा भाग आत शिरतो. त्याच जागी ट्रान्सफॉर्मर बसवला, तर त्याच्या वेटोळ्यांचा जमिनीशी संबंध केवळ अत्यल्प धारकतेतून येतो आणि ५० हर्ट्झला तो काही कोटी ओहमांइतका भरतो, म्हणून त्या १० ओहमांच्या विषमतेला काही अर्थच उरत नाही. जुन्या प्रसारणयंत्रांत ते जडशीळ ट्रान्सफॉर्मर बसवलेले दिसतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मी घरी स्टुडिओचे दोन स्पीकर प्लेअरला जोडले, तेव्हा आरसीए ते एक्सएलआर (बॅलन्स्ड जोडणीचा तीन पिनांचा प्लग: पिन १ जाळीची, २ आणि ३ सिग्नलच्या दोन तारांच्या) अशी तयार केबल वापरली आणि घुमणे सुरू झाले. एक्सएलआर प्लग उघडल्यावर आत बोटभरसुद्धा नसलेला तारेचा तुकडा दिसला, ३ क्रमांकाची पिन जाळीच्या १ क्रमांकाच्या पिनेला जोडणारा. त्या तुकड्यामुळे जाळीच पुन्हा परतीचा मार्ग बनली होती आणि स्पीकरमधले वजाबाकीचे मंडल निरुपयोगी झाले होते. मी दोन तारा आणि जाळी असलेली केबल घेतली, आरसीएच्या मधल्या टोकाकडून येणारी तार पिन २ ला आणि दुसरी तार पिन ३ ला जोडली, आणि त्या दुसऱ्या तारेचे दूरचे टोक प्लेअरच्या बाजूला जाळीबरोबर सोल्डर केले. प्लेअरचा रोध सुमारे ५०० ओहम आणि स्पीकरचा प्रत्येक तारेमागे २०,००० ओहम, म्हणजे उपद्रव चाळीसपट कमी. पुढे दुसऱ्या तारेत प्लेअरच्याच टोकाला ४७० ओहमचा एक रेझिस्टर घातला आणि सेतू जवळजवळ समतोल झाला. दुसऱ्या तारेवर सिग्नल तेव्हाही नव्हता.

केबलीवर छापलेल्या बाणाच्या दिशेनेच ती जोडावी, असे सांगणाऱ्या जाहिरातींचा या पदार्थविज्ञानाशी संबंध नाही. ध्वनीचा सिग्नल सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो आणि तांब्याला कोणतीच दिशा वर्ज्य नसते. घुमणे थांबावे म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे, तो कधीही मानू नये.

पातळीतला फरकही लक्षात ठेवावा लागतो. युरोपीय प्रसारणात रूढ असलेल्या प्रमाणानुसार डिजिटल सिग्नलची कमाल पातळी सुमारे ६.२ व्होल्ट येते, तर घरगुती सीडी प्लेअरची साधारण २ व्होल्ट. त्यामुळे स्टुडिओचे यंत्र सरळ घरच्या ॲम्प्लिफायरला जोडले, तर आतला पहिलाच टप्पा सिग्नलची शिखरे कापू शकतो. दोन रेझिस्टरांचा विभाजक, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात लहान करणारी जोडणी, हे काम निभावतो. तो केबलीच्या ॲम्प्लिफायरकडच्या टोकाला बसवावा, म्हणजे सिग्नल संपूर्ण वाटेवर मोठा राहतो आणि वाटेत शिरलेला उपद्रवही त्याच्याबरोबर तितकाच लहान होतो.