गालिच्यातली चूक मुद्दाम केलेली असते?

‘परिपूर्ण फक्त देव, म्हणून इराणी विणकर गालिच्यात मुद्दाम एक चूक ठेवतात’ ही गोष्ट दुकानदार रंगवून सांगतात. ऐकायला गोड; पुरावा मात्र नाही. (आणि एरवी आपलं काम बिनचूकच, असं मानणारा विणकर नम्र कसला?)

इराणच्या फार्स प्रांतातल्या भटक्या कश्काई जमातीच्या बायका जमिनीवरच्या आडव्या मागावर, बरेचदा आठवणीतूनच नक्षी विणत. मुक्काम हलला की माग गुंडाळायचा, पुढे पुन्हा ताणायचा. कडा वाकड्या होणारच. लाल रंगात मधेच फिका पट्टा उमटतो, तो ‘अब्रश’. लोकर हातानं कातलेली, रंग आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या रुनासच्या मुळांचा, भांडं लहान. दुसऱ्या घाण्याची छटा पहिल्याशी जुळत नाही. हल्ली मुद्दाम अब्रश घातलेले गालिचेही मिळतात, पण ते जुने दिसावेत म्हणून!