इकर कासियास : एकाच जागेची वीस वर्षे

नोव्हेंबर १९९७ मध्ये माद्रिदलगतच्या मोस्तोलेस या कामगारवस्तीच्या शहरात एका सोळा वर्षांच्या मुलाला चालू वर्गातून बाहेर बोलावण्यात आले. रिअल माद्रिदचा मुख्य संघ चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेतील सामन्यासाठी नॉर्वेतील ट्रॉनहाइमला निघाला होता, गोलकीपरच्या दुखापतीमुळे राखीव गोलकीपरची जागा रिकामी होती आणि क्लबच्या युवा संघात नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून वाढलेला इकर कासियास हा त्या घडीला हाताशी असलेला मुलगा होता. त्या सामन्यात त्याला खेळायला मिळाले नाही. पण पुढील वीस वर्षांत त्याच्या वाट्याला जे काही आले, त्याची सुरुवात या बोलावण्यात दिसते. दुसऱ्या कोणाची तरी दुखापत आणि त्यामुळे अचानक उघडलेले दार, हा प्रकार त्याच्या बाबतीत पुनःपुन्हा घडला.

गोलकीपरच्या कारकिर्दीचा विचार करताना ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आघाडीच्या किंवा मधल्या फळीतील तरुण खेळाडूला शेवटच्या वीस मिनिटांत उतरवून अजमावता येते, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवता येते. गोलकीपरची जागा एकच असते आणि ती धरून बसलेला माणूस धडधाकट असेपर्यंत दुसऱ्याला बाकावर बसून राहण्याखेरीज गत्यंतर नसते. स्पेनमध्ये या जागेला विशेष मानही आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकपासून गाजलेल्या रिकार्दो झामोराच्या नावाने आजही ला लीगा या स्पेनच्या अव्वल लीगमध्ये सर्वांत कमी सरासरीने गोल स्वीकारणाऱ्या गोलकीपरला करंडक दिला जातो. मात्र या मानाबरोबर जखमाही आल्या. १९८४ च्या युरो अंतिम सामन्यात फ्रान्सच्या मिशेल प्लातिनीची फ्री किक लुईस आर्कोनादाच्या अंगाखालून निसटली आणि १९९८ च्या विश्वचषकात नायजेरियाविरुद्ध आंदोनी झुबिझारेताच्या हाताला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. दोघेही थोर गोलकीपर होते, पण सामान्य प्रेक्षकाच्या आठवणीत त्यांचे ते एकेक क्षण जास्त ठळक राहिले.

कासियासचे पदार्पण १२ सप्टेंबर १९९९ रोजी बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर झाले. जर्मन गोलकीपर बोडो इल्गनर दुखापतीमुळे बाहेर होता आणि प्रशिक्षक जॉन तोशॅक यांनी अठरा वर्षांच्या मुलाला उतरवले. सामना २-२ असा सुटला. त्याच मोसमात तोशॅक गेले, व्हिसेंते डेल बोस्के आले आणि २४ मे २००० रोजी पॅरिसमध्ये व्हॅलेन्सियाला ३-० असे हरवून माद्रिदने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा गोलपुढे कासियास उभा होता. एकोणिसावा वाढदिवस होऊन त्याला चारच दिवस झाले होते.

इथून पुढे सगळे सुरळीत झाले असते तर ही गोष्ट फारशी सांगण्याजोगी राहिली नसती. २००१-०२ च्या मोसमात त्याचा खेळ घसरला आणि डेल बोस्के यांनी त्याला बसवून सेसार सांचेझला उभे केले. त्यामुळे १५ मे २००२ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर बायर लेव्हरकुसेनविरुद्धचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा कासियास बाकावर होता. झिदानच्या त्या सुप्रसिद्ध व्हॉलीमुळे माद्रिद २-१ असे पुढे होते. दुसऱ्या सत्रात सेसारला दुखापत झाली आणि ६८ व्या मिनिटाला कासियासला तयार व्हायला सांगण्यात आले. लांब बाह्यांचा त्रास नको म्हणून त्याने कडेला उभ्याउभ्याच जर्सीच्या बाह्या कात्रीने कापून घेतल्या. लेव्हरकुसेनने अखेरच्या मिनिटांत अक्षरशः वेढा घातला. चेंडू कधी हाताने, कधी पायाने अडवत त्याने ती आघाडी टिकवली. सामना संपल्यावर वीस वर्षांचा हा मुलगा मैदानावर हमसून हमसून रडला.

त्यानंतर काही दिवसांतच नशिबाने आणखी एक दान टाकले. राष्ट्रीय संघाचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर सांतियागो कान्यिझारेस याच्या हातून हॉटेलात अत्तराची बाटली सुटली, ती पायाने झेलण्याच्या नादात काच लागून पायाचा स्नायुबंध (टेंडन) तुटला आणि विश्वचषक त्याच्यासाठी सुरू होण्याआधीच संपला. कोरियातील सुवॉन येथे आयर्लंडविरुद्ध कासियासने आधी निर्धारित वेळेत इयान हार्टची पेनल्टी अडवली आणि नंतर शूटआउटमध्ये आणखी दोन अडवल्या. ‘सान इकर’, म्हणजे ‘संत इकर’, हे नाव त्याला चिकटले ते याच काळात. या नावात कौतुक होते, तसा थोडा अन्यायही होता, कारण चमत्कार म्हटले की त्यामागचे कसब झाकले जाते. कासियास फार उंच नव्हता आणि कडेवरून उंच मारलेल्या चेंडूवर, म्हणजे क्रॉसवर, पुढे सरसावण्यात तो अखेरपर्यंत कच्चाच राहिला, असे टीकाकार म्हणत आणि ते खोटे नव्हते. पण गोलरेषेवरची चपळाई आणि समोरासमोर आलेल्या खेळाडूपुढे शेवटच्या क्षणापर्यंत न डगमगता उभे राहणे, यांत त्याच्या पिढीत त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

२२ जून ही तारीख स्पेनला अशुभ मानली जाई. १९८६ मध्ये बेल्जियमकडून, १९९६ मध्ये इंग्लंडकडून आणि २००२ मध्ये दक्षिण कोरियाकडून स्पेन याच तारखेला आणि पेनल्टींवरच बाद झाला होता. २२ जून २००८ रोजी व्हिएन्नामध्ये इटलीविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना गोलशून्य राहून पुन्हा पेनल्टींवर गेला, तेव्हा कासियासने दे रोस्सी आणि दि नाताले यांचे फटके अडवले. आठवड्याभराने त्याने कर्णधार म्हणून युरो करंडक उचलला. त्या समारंभात राखीव गोलकीपर आंद्रेस पालोप याने आर्कोनादाची १९८४ ची जर्सी घातली होती आणि पदके देणारे युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते खुद्द मिशेल प्लातिनी.

२०१० चा विश्वचषक स्पेनने जिंकला तो देखण्या पासिंगमुळे, असे सर्रास म्हटले जाते. मात्र सात सामन्यांत संघाचे गोल फक्त आठ होते आणि बाद फेरीतले चारही सामने १-० असे सुटले, हे पाहिले की गोलकीपरचा वाटा ध्यानात येतो. पॅराग्वेविरुद्ध ५९ व्या मिनिटाला ऑस्कार कार्दोझोची पेनल्टी त्याने नुसती अडवली नाही, तर पकडली. कार्दोझो कुठे मारण्याची शक्यता आहे, हे सहकारी पेपे रेनाने सांगून ठेवले होते, असे त्याने नंतर मोकळेपणाने कबूल केले. ११ जुलैचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्री बारा वाजता सुरू झाला होता. ज्यांनी तो जागून पाहिला, त्यांना ६२ वे मिनिट आठवत असेल. नेदरलँड्सच्या स्नायडरच्या पासवर आर्यन रॉबेन एकटाच समोर आला, कासियास एका बाजूला झेपावला, चेंडू दुसरीकडे निघाला आणि मागे राहिलेल्या उजव्या बुटाला लागून बाहेर गेला. इनिएस्ताचा गोल त्यानंतर चोपन्न मिनिटांनी आला. संघाचे प्रशिक्षक डेल बोस्केच होते. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच त्याला बाकावर बसवले होते.

उतरण सुरू झाली ती माद्रिदमध्ये. प्रशिक्षक जोसे मोरिन्हो यांच्या काळात बार्सिलोनाबरोबरच्या लढती इतक्या विखारी झाल्या की राष्ट्रीय संघातही फूट पडण्याची भीती निर्माण झाली. ती टाळण्यासाठी कासियासने २०११ मध्ये बार्सिलोनाचे शावी आणि पुयोल यांच्याशी फोनवर बोलून समेट केला. या पुढाकाराबद्दल त्याला आणि शावीला २०१२ मध्ये प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार मिळाला. प्रशिक्षकाशी असलेले संबंध मात्र बिघडत गेले. २२ डिसेंबर २०१२ रोजी मलागाविरुद्ध मोरिन्हो यांनी त्याला वगळून अँतोनियो आदानला खेळवले. ‘तांत्रिक निर्णय’ या कारणावर माद्रिदमधील निम्म्या लोकांचा विश्वास बसला नाही. महिन्याभराने, २३ जानेवारी २०१३ रोजी, व्हॅलेन्सियाविरुद्ध झटापटीत सहकारी अल्वारो आर्बेलोआचा पाय लागून कासियासच्या हाताचे हाड मोडले. क्लबने तातडीने सेव्हियाहून दिएगो लोपेझला आणले. इल्गनर, सेसार आणि कान्यिझारेस यांच्या दुखापतींनी ज्याला जागा दिली, त्याची जागा आता त्याच्याच दुखापतीने दुसऱ्याला दिली.

कार्लो अँचेलोटी यांनी पुढच्या मोसमात तोडगा काढला. ला लीगासाठी लोपेझ आणि किंग्ज कप व चॅम्पियन्स लीगसाठी कासियास, अशी ती वाटणी होती. २४ मे २०१४ रोजी लिस्बनमधील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो गोल सोडून अर्धवट पुढे आला आणि अॅटलेटिको माद्रिदच्या डिएगो गोदीनचा हेडर त्याच्यावरून आत गेला. भरपाई वेळेत सहकारी रामोसने बरोबरी साधली नसती, तर आर्कोनादा आणि झुबिझारेता यांच्या पंक्तीत आणखी एक नाव जाऊन बसले असते. ते वाचले, पण तीन आठवड्यांनी ब्राझीलमधील साल्वादोर येथे विश्वचषकात नेदरलँड्सने विश्वविजेत्यांना ५-१ असे धुऊन काढले, त्यातल्या चुका लपण्याजोग्या नव्हत्या.

१२ जुलै २०१५ रोजी रिअल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानाच्या पत्रकार कक्षात तो एकटाच बसला आणि रडत रडत निरोपाचा कागद वाचला. शेजारी क्लबचा एकही पदाधिकारी नव्हता. ७२५ सामने, पाच ला लीगा आणि तीन चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या खेळाडूचा असा निरोप अनेकांना लागला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घाईने समारंभ उरकण्यात आला. झामोरा करंडक त्याला उभ्या कारकिर्दीत एकदाच मिळाला, २००७-०८ मध्ये.

तिथून तो पोर्तुगालच्या पोर्टो क्लबकडे गेला. तिथेही तीच जागा आणि तीच ओढाताण होती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षकांनी त्याच्याऐवजी तरुण जोसे सा या गोलकीपरला पसंती दिली. फेब्रुवारीत लिव्हरपूलने पोर्टोच्या जाळ्यात पाच गोल घातले आणि छत्तीस वर्षांचा कासियास परत आला. त्या मोसमात पोर्टोने लीग जिंकली. राष्ट्रीय संघाकडून १६७ सामन्यांवर तो तोवर थांबला होता. १ मे २०१९ रोजी सरावादरम्यान त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्याने एकही सामना खेळला नाही. निवृत्तीची घोषणा ४ ऑगस्ट २०२० रोजी झाली, पण पोर्टोने पुढच्या सामन्यात गोलपुढे दुसरा माणूस उभा केला होता तो त्याच्या पंधरा महिने आधीच.