तिवर म्हणजे कांदळ नव्हे

तिवर आणि कांदळ ही खाडीकाठच्या खारफुटीतली दोन वेगळी झाडं. पण खारफुटीजवळच्या सरकारी फलकावर 'कांदळवन' लिहिलेलं असतं आणि फलकामागे उभी असतात जवळपास सगळी तिवरं. मानखुर्दहून वाशीला जाताना लोकलच्या खिडकीतून दिसणारा राखाडी-हिरवा पट्टा मुख्यतः तिवरांचाच. चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली दिसली की तिवर. खोडातून कमानी निघून चिखलात उतरल्या असतील तर कांदळ. (2020 साली राज्य कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी ही तिसरीच, तिची मुळंही वर येतात, पण जाड, सुळक्यांसारखी.) ओळखायला एवढं पुरे.

खरा घोळ मिठाचा. 'खारफुटी पानांतून मीठ टाकते' हे सरसकट सगळ्यांना चिकटवतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. दोन्ही झाडं त्यातले बहुतेक मुळांशीच अडवतात: पानांतून बाष्प उडतं, ती ओढ मुळांपर्यंत पोचते, पाणी पेशींतून गाळून आत येतं आणि मीठ बाहेर राहतं. तरी थोडं शिरतंच. कांदळाच्या पानात ते हळूहळू साठत जातं, कारण बाहेर टाकायला ग्रंथी नाहीत. पानाखालचे काळपट ठिपके दाखवून 'या बघा मिठाच्या ग्रंथी' सांगणारे हमखास भेटतात. ते ठिपके बुचासारख्या पेशींचे. क्षारग्रंथी तिवराच्या पानांवर असतात. उन्हाळ्यात दुपारी त्या पानांवर मिठाचे बारीक कण चमकतात. खाडीचं पाणी पाहता चाटून खात्री न केलेलीच बरी. पावसाळ्यात शोधूही नका, सगळं धुऊन जातं.

तिवराच्या पेन्सिलींचा मिठाशी संबंध नाही, त्या श्वासाच्या. चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. भरतीत पेन्सिली बुडाल्या की आतला प्राणवायू खर्च होतो, दाब उतरतो, आणि पाणी ओसरताच छिद्रांतून नवी हवा ओढली जाते. म्हणूनच तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. पेन्सिली गाडल्या जातील एवढा राडारोडा टाकला, किंवा बांध घालून पाणी तुंबवलं, की झाड उभ्याउभ्या वाळतं.

कांदळाला लोंबणारी ती लांब हिरवी 'शेंग' म्हणजे झाडावरच रुजलेलं रोप. ते चिखलात खोचताना टोकदार बाजू खाली. तिवराचं बी छोटं, चपटं. ते असं खोचता येत नाही.