विकायचं नसलेल्या डोमेनसाठी येणाऱ्या ऑफर

डोमेन विकायला काढलेलंच नाही, त्यावर साइट चालूये किंवा नुसता घरचा इमेल चालूये, आणि तरी कुणीतरी मेल टाकतं की विकणार का, किती घ्याल? छोटा शब्द, आडनाव किंवा गावाचं नाव असलेलं डॉट कॉम असेल तर हे हमखास होतं. आधी हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कुणाचं ते सांगणाऱ्या जाहीर नोंदीत, मालकाचं नाव, पत्ता, फोन सगळं उघडं असायचं त्यामुळे थेट फोनच यायचे, मग मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खाजगी माहितीचा कायदा आला आणि बहुतेक रजिस्ट्रारनी, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्यांनी, ही माहिती झाकली, तेव्हापासून विचारणा साइटच्या कॉन्टॅक्ट फॉर्ममधून नाहीतर ब्रोकरमार्फत, म्हणजे दलालामार्फत, येते.

पाठवणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. खरं गिऱ्हाईक बऱ्याचदा ब्रोकरच्या आड लपतं, कारण मागे मोठी कंपनी आहे हे कळलं की भाव चढतो. काही जण शेकडो डोमेनवाल्यांना तोच मेल टाकून कोण स्वस्तात देतंय ते बघतात. आणि काही सरळ चोर असतात. त्यांचा ठरलेला खेळ सर्टिफिकेटचा: भलामोठा आकडा येतो, दोन-तीन मेल गोड गोड होतात, सौदा पक्का वाटायला लागतो आणि मग हळूच येतं की आमच्या इन्व्हेस्टरला डोमेनचं व्हॅल्युएशन, म्हणजे किंमत ठरवल्याचं सर्टिफिकेट, लागतं, ते अमुकच साइटवरून काढा, फी तुम्ही भरा, नंतर किमतीत धरून देऊ. ती साइट त्यांचीच असते, फी गेली की गिऱ्हाईकही गायब. खरा घेणारा व्हॅल्युएशन स्वतःच्या पैशानं काढतो, एवढं कळलं तरी पुरे.

नको असलेल्या ऑफरला उत्तर न देणं हेच बहुतेक वेळा बरं, आणि अगदी द्यायचंच तर एका ओळीत, विकायचं नाही, आकडा टाकायचा नाही. यात नुसता भाव खाण्याचा प्रश्न नाहीये. १९९९ मध्ये आयकॅननं, म्हणजे जगभरच्या डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेनं, यूडीआरपी नावाची तक्रार पद्धत आणली, त्यात ट्रेडमार्कवाल्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या मार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं आणि वापरलं. ट्रेडमार्कवाल्याला खर्चापेक्षा जास्त पैशात विकायलाच डोमेन घेतलं होतं असं दिसलं तर तो वाईट हेतूचा पुरावा धरतात. कुणी विचारलं म्हणून किंमत सांगितली एवढ्यानं कुणी दोषी ठरत नाही, मार्क जन्मायच्या आधीपासून डोमेन तुमच्याकडे असेल तर नाहीच नाही, पण तो मेल तक्रारीला जोडला जातो आणि मग वकील शोधत बसावं लागतं.

कॅनडातल्या माइक रो या १७ वर्षांच्या पोरानं स्वतःच्या नावाला सॉफ्ट जोडून माइकरोसॉफ्ट डॉट कॉम घेतलं होतं. मायक्रोसॉफ्टनं १० डॉलर देऊ केले, चिडून त्यानं १०,००० मागितले, आणि वकिलांनी नेमका तोच आकडा त्याच्यावर उलटवला. बोभाटा झाल्यावर २००४ मध्ये तडजोड झाली, डोमेन कंपनीला गेलं आणि पोराला एक्सबॉक्स वगैरे मिळालं. उलट टोकाला उझी निसान. आडनावच निसान, कॉम्प्युटरचा धंदा, निसान डॉट कॉम १९९४ पासून त्यांचं. १९९९ मध्ये कार कंपनीनं एक कोटी डॉलरचा दावा लावला, कोर्टात वर्षानुवर्षं गेली, २०२० मध्ये ते वारले तोवर डोमेन त्यांच्याकडेच होतं. असं लढायला माणूस चिवट लागतो आणि खिसाही.

आपल्याकडे डॉट इनसाठी ती डोमेनं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची आयएनडीआरपी नावाची तक्रार पद्धत आहे, साधारण यूडीआरपीसारखीच. त्याआधी १९९९ मध्ये मुंबई हायकोर्टानं रेडिफच्या केसमध्ये रॅडिफ नावाचं डोमेन वापरायला मनाई केली होती, २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या निकालात सुप्रीम कोर्टानंही डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं.

कधी खरंच विकावंसं वाटलं तर पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या तिसऱ्याकडे, पडल्याशिवाय ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायचा पासवर्ड) द्यायचा नाही, तोवर डोमेन हलू न देणारा ट्रान्सफर लॉक चालू ठेवायचा. नकार दिल्यावर चिकाटीचे लोक जात नाहीत, डोमेनची मुदत संपायची वाट बघत बॅकऑर्डर लावून, म्हणजे सुटलं की लगेच मिळावं म्हणून आधीच नंबर लावून, बसतात. म्हणून ऑटो-रिन्यू चालू हवं, कार्ड एक्सपायर झालेलं नको, आणि रजिस्ट्रारकडे दिलेला इमेल त्याच डोमेनवरचा अजिबात नको, कारण डोमेन बंद पडलं की तो इमेलही बंद पडतो आणि रिन्यू करा म्हणून येणारी सूचना कुणाला मिळतच नाही.