पंखा फिरतो, स्क्रीन काळी: हार्ड डिस्क गेली का?

जुना पीसी लावला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच, की ‘हार्ड डिस्क उडाली, फोटो गेले’ असं सर्रास सांगतात. हे खरं नाही. सुरुवातीची तपासणी मदरबोर्डवरच्या (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) चिपमधला बायोस हा छोटा प्रोग्राम करतो, त्याला हार्ड डिस्क लागतच नाही. डिस्क काढून ठेवली, तरी ती सापडत नसल्याचा संदेश सहसा स्क्रीनवर उमटतो.

काळ्या स्क्रीनमागे बऱ्याचदा रॅम, म्हणजे पीसीची तात्पुरती मेमरी, असते. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, तिच्या पट्ट्यांवर थर चढतो. आधी प्लग काढा. रॅम काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही खटके बसेपर्यंत दाबून लावा. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात नवी डिस्क घ्यायला जाण्याआधी एवढं कराच.